एकोणपन्नास साल, महिना माहीत नाही

लोकांना वेबसाइट बनवून देणाऱ्या एका ऑफिसात तिला सगळे तारीखताई म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, ती नोकरीला लागून तिसरा आठवडा चालू असताना, एका गृहस्थाचा चिडून फोन आला, की तुमच्या वेबसाइटच्या मते मी जन्मलोच नाही. बिचारा एकोणतीस फेब्रुवारीचा होता, आणि जन्मतारखेचा रकाना त्याला ठासून सांगत होता की अशी तारीखच नसते. बाकीची मंडळी हसून हसून बेजार झाली. ही नवी मुलगी मात्र खुर्ची ओढून कामाला बसली, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत तो गृहस्थ रीतसर जन्माला आला. तेव्हापासून कुठल्याही फॉर्ममध्ये तारखेचं काही बिनसलं की सगळ्यांच्या माना आपोआप तिच्या टेबलाकडे वळत. अकरा वर्षांत बरोबरचे लोक कुठल्या कुठे गेले, कुणी साहेब झाले, कुणी स्वतःचं दुकान मांडलं. ही आपली तारखेच्या रकान्यापाशीच राहिली.

नातेवाइकांना हे काम समजावून सांगणं म्हणजे निव्वळ डोकेफोड. मावशीने एकदा विचारलं, "तू नक्की करतेस काय गं दिवसभर?"

"फॉर्म असतो ना मावशी, त्यात तारीख भरायची जागा असते. ती मी करते."

"बरं. आणि मग दुपारनंतर?"

मावशीचा तरी काय दोष? तारीख लिहायला असं काय लागतं, असंच सगळ्यांना वाटतं. पण एकच तारीख दहा माणसं दहा तऱ्हांनी लिहितात. कुणी मध्ये टिंब देतो, कुणी तिरपी रेघ मारतो. कुणी दिवस आधी लिहितो, कुणी महिना. मग चार-सात म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हे त्या लिहिणाऱ्याला आणि देवालाच ठाऊक. कुणी घाईत चालू साल लिहून मोकळा होतो आणि पन्नाशीचा बाप्या कागदोपत्री तान्हा होऊन बसतो. या सगळ्या गोंधळावर तारीखताईने एक जालीम उपाय काढला होता. रकान्याला बोट लावलं की खाली छोटंसं कॅलेंडर उघडायचं. लिहायची भानगडच नाही, दिवस नुसता बोटाने निवडायचा. अर्धवट सोडला तर फॉर्म जागचा हलत नसे आणि लाल अक्षरांत येई, 'तारीख अवैध आहे. पूर्ण तारीख भरा.' ते लाल वाक्यही तिचंच. त्या कॅलेंडरचा तिला भारी अभिमान होता. सहा वर्षं ते शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदणीच्या फॉर्मवर होतं आणि त्याची एक तक्रार आली नव्हती.

आता तिच्या आईविषयी सांगायला हवं, कारण त्या कॅलेंडरची पहिली तक्रार आईने केली.

आई कपडे शिवायची. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, आणि मशीनच्या खणात मापांची वही. बेचाळीस वर्षांत अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, जे येईल ते तिने शिवलं आणि त्यावर एकटीने मुलीला शिकवलं. तिचा एक हेका होता. वहीत अंदाजाने माप लिहायचं नाही. एखादी बाई सांगायला लागली, की मुलगा गावाला गेलाय, पण साधारण माझ्या खांद्याला लागतो, की आई वहीत लिहायची, 'छाती माहीत नाही'. मग त्या शिवणीत ती दोन बोटं कापड जास्त ठेवायची. शिंपीकामात त्याला माया म्हणतात. मुलगा आला की उसवायचं आणि अंगाबरोबर बसवायचं. अंदाजाने कात्री चालवली की मग त्या कापडाचं काही करता येत नाही, असं ती मुलीला लहानपणापासून सांगत आलेली. मुलीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

स्वतःच्या जन्माचंही आईला एवढंच माहीत होतं जेवढं खात्रीचं होतं. तिचे वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. रस्ता पुढे सरके तसं त्यांचं बिऱ्हाड पुढे सरके. नदीवरचा पूल बांधून झाला त्या वर्षी, पुलाच्या टोकाशी टाकलेल्या तंबूत ती जन्मली. पुलाच्या दगडावर साल कोरलेलं होतं, १९४९. मोठी झाल्यावर तिने मुद्दाम तिथे जाऊन त्या आकड्यांवरून बोट फिरवलं होतं. महिन्याचं मात्र काही खरं नव्हतं. तिची आई म्हणायची ऊन रणरणत होतं, वडील म्हणायचे थंडीने दात वाजत होते, आणि यावरून दोघांची जन्मभर जुंपायची. त्यामुळे साल पक्कं, पुढचं कोरं.

पंच्याहत्तरी आली आणि आईच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ती चाचपून ओवायची, ते एक वेळ चाललं. पण एका दुपारी तिने शर्टाची कॉलर उलटी लावली. एरवी दुसऱ्याच्या हातून असं झालं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिने नुसती ती उसवायला घेतली. तारीखताई घरी आली तेव्हा मशीनखाली उसवलेल्या दोऱ्यांचा पुंजका पडलेला होता आणि आई हात मांडीवर ठेवून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पुरता पिकलाय, दोन महिन्यांच्या आत काढा, उगाच लांबवू नका. आणि हॉस्पिटलची नोंदणी आता वेबसाइटवरच होत होती.

"तू सांग आई, मी भरते," तारीखताई म्हणाली.

"माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली. आण इकडे. तूच केलायस ना तो फॉर्म? मग बघू दे मला तरी."

मुलीने टॅबलेटवर अक्षरं मोठी करून दिली. नाव भरून झालं, पत्ता झाला. जन्मतारखेला आईने बोट लावलं आणि ते लाडकं कॅलेंडर उघडलं, आजच्या महिन्यावर. मागे जायला एक बाण होता. आई बाणावर टिचक्या मारत एकेक महिना मागे जाऊ लागली, आणि टाके मोजायची सवय असल्यामुळे मोठ्याने मोजू लागली. एकशे अठ्ठ्याऐंशीवर ती थांबली.

"अजून किती राहिले गं?"

तारीखताईने मनात हिशोब केला. "सातशेच्या वर."

"अगं बाई! तेवढ्यात माझा एक कोट शिवून होईल, अस्तरासकट."

साल एकदम निवडायची सोय होती, नाही असं नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत होती. मोतीबिंदूच्या पेशंटसाठी इतकी बारीक अक्षरं ठेवणारी शहाणी कोण, तर आपणच, हे कळून तारीखताईचे कान तापले. सहा वर्षांत तक्रार आली नव्हती, कारण तक्रार करणारा माणूस तिथपर्यंत पोचतच नव्हता. मुलं-सुना भरून देत होत्या.

कसंबसं एकोणपन्नास साल आलं. पुढे कॅलेंडर महिना मागू लागलं.

"एक जानेवारी टाकू या आई. सगळे तेच करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"ज्यांना माहीत नसतं ते. हॉस्पिटलच्या काऊंटरवरसुद्धा तेच टाकून देतात."

"मी एक जानेवारीला जन्मले का?"

"नाही गं, पण…"

"मग टाकायचं कशाला? लिही, एकोणपन्नास साल, महिना माहीत नाही."

"तसं लिहिता येत नाही."

"का नाही येत?"

तारीखताईने कॅलेंडर मिटलं. मग म्हणाली, "मी तशी जागा ठेवलेली नाही."

आईने टॅबलेट तिच्या हातात दिला आणि उठून गेली. आणि इथे आमच्या हुशार बाईंनी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तिने आईच्या नावापुढे गुपचूप एक जानेवारी टाकून दिली. फॉर्म सुतासारखा सरळ पुढे गेला, ऑपरेशनचा दिवस मिळाला. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, "झालं आई." आईला वाटलं, लेकीने काहीतरी वाट काढली. तिने लगेच मावशीला फोन लावला. "अगं, ते तारखेचं अडलं होतं ना, ते पोरीने सोडवलं. तिचं कामच आहे ते." दाराआड उभी राहून ते ऐकताना तारीखताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती मूग गिळून बसली.

हॉस्पिटलच्या काऊंटरवर चष्मा लावलेली एक तरतरीत मुलगी होती. ऑपरेशनच्या आधी पेशंटची ओळख पटवायची असते, नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून ऐकायची असते. भलत्याच माणसाचा डोळा उघडला जाऊ नये म्हणून. नियम अगदी योग्य होता.

"आजी, जन्मतारीख सांगा."

"एकोणपन्नास साल. महिना माहीत नाही."

मुलीने पडद्याकडे पाहिलं. "इथे वेगळं आहे. नीट आठवून सांगा ना."

"आठवायचं काय त्यात? जे नाही ते आठवणार कुठून?"

तारीखताई मध्ये पडली, तर मुलीने तिला हाताने थांबवलं. "तुम्ही नका सांगू मॅडम, त्यांनीच सांगायचं असतं. आजी, एक जानेवारी आहे का?"

एवढं सगळं तिने सांगून टाकलंच होतं, नुसतं 'हो' म्हणायचं बाकी होतं. रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले होते. आईने मान वळवून लेकीकडे पाहिलं. त्या अंधुक डोळ्यांना लेकीचा चेहरा कितपत दिसला कोण जाणे, पण जे समजायचं ते समजलं.

"नाही," आई म्हणाली. "ती माझी नाही."

माहिती जुळेना म्हणून ऑपरेशन रद्द झालं. पुढचा दिवस मिळाला तो पाच आठवड्यांनंतरचा. घरी कुलूप काढून आत आल्यावर आई मशीनच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझ्या एकोणीस वह्यांत एक माप खोटं नाही. आणि तू माझ्या नावावर खोटं लिहिलंस. तेही स्वतः केलेल्या रकान्यात."

"चुकलं आई."

"चुकलं ते उसवायचं. पाच आठवडे आहेत ना? तेवढ्यात जागा कर. जागा झाली तर मी येईन. नाहीतर राहू दे तो डोळा तसाच."

आईचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तारीखताईला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

ऑफिसच्या प्रमुखांना सगळे मागून उद्यासाहेब म्हणत, कारण त्यांना प्रत्येक काम उद्या हवं असे आणि प्रत्येक नवी कल्पनाही उद्यावर ढकलायची असे. तारीखताईने त्यांच्यापुढे विषय काढला, तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, एका पेशंटसाठी चालतं गाडं थांबवायचं? आणि पूर्ण तारीख नसेल तर हॉस्पिटलवाले एकाच नावाच्या दोन बायकांत फरक कसा करणार?"

प्रश्न बिनतोड होता. तारीखताई टेबलावर परत आली आणि तिने हॉस्पिटलच्या परवानगीने जन्मतारखा तेवढ्या मोजायला घेतल्या, कुणाचंही नाव न उघडता. एकूण नोंदी एकेचाळीस हजार. दोन जानेवारीला जन्मलेले एकशे चार. एकतीस डिसेंबरला जन्मलेले अठ्ठ्याण्णव. आणि एक जानेवारीला जन्मलेले तीन हजार दोनशे बारा. ती तो आकडा बराच वेळ बघत राहिली. तीन हजारांवर माणसं एका खोट्या दिवशी जन्माला आली होती, आणि त्या सगळ्यांची सुईण ती स्वतः होती.

कागद घेऊन ती पुन्हा उद्यासाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, दर नवीन वर्षाला हॉस्पिटलचे वाढदिवसाचे शुभेच्छा-संदेश अडकून बसतात, आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय! दर वर्षी माझी सुट्टी त्यातच जाते."

"त्याचं कारण हे." तिने आकड्यावर बोट ठेवलं. "आता सांगा, या तीन हजार माणसांत फरक कसा करायचा? नसलेली तारीख सोडून द्या. तिथे काऊंटरवर साल विचारायचं आणि आईचं नाव विचारायचं. ते कुणी विसरत नाही."

उद्यासाहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढून पुसला. "हॉस्पिटलवाले हो म्हणाले तर माझी ना नाही," ते म्हणाले. "कधी देता?" आणि सवयीने पुढे म्हणाले, "उद्या?"

हॉस्पिटलवाले हो म्हणाले. काऊंटरवरच्या त्या चष्मेवाल्या मुलीने तर नियम बदलायच्या अर्जावर आपणहून पहिली सही केली, कारण 'नीट आठवून सांगा' हे रोज वीस आज्या-आजोबांना तिलाच म्हणावं लागत होतं.

तारीखताईने तिचं लाडकं कॅलेंडर स्वतःच्या हाताने जन्मतारखेवरून उतरवलं. डॉक्टरांच्या भेटीचा दिवस निवडायला ते ठेवलं, तिथे ते शोभत होतं. जन्मतारखेसाठी तिने तीन साधे रकाने केले, दिवस, महिना, साल. महिना नावाने निवडायचा, म्हणजे जुलै-एप्रिलचा घोळ नको. आणि दिवस व महिना या दोन्हींत शेवटी, इतरांइतक्याच मोठ्या अक्षरांत, 'माहीत नाही'. त्याखाली आईच्या नावाचा एक रकाना. मागे माहिती साठवायची जागाही तिला नव्याने बांधावी लागली, कारण जुन्या जागेत पूर्ण तारीख सोडून काही मावत नव्हतं. उसवणं किती किचकट असतं ते तिला त्या तीन आठवड्यांत कळलं.

तपासायला मग आईच बसली. पहिल्याच दिवशी तिने साल लिहिलं नुसतं '४९', जसं ती वहीत लिहायची. फॉर्मने ते दोन हजार एकोणपन्नास धरलं आणि लाल होऊन सांगितलं, 'तारीख अवैध आहे.'

"काय म्हणतोय गं हा?"

"म्हणतोय, तू अजून जन्मायची आहेस."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. कॉलर उलटी लागल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली होती. मग डोळे पुसत म्हणाली, "पण हे बोलणं काय? अवैध! माणूस चुकला तर अंगावर यायचं का? गिऱ्हाइकाशी असं बोलले असते तर मशीन कधीच विकावं लागलं असतं." तारीखताईने मुकाट्याने ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'साल चारही आकड्यांत लिहा, जसं १९४९.' उदाहरणाला हेच साल का, असं ऑफिसात कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही.

आईने एकूण तेवीस चुका काढल्या. रकाना बोटाला लहान आहे, अक्षर फिकट आहे, आकड्यानंतर चुकून मोकळी जागा पडली की फॉर्म अडतो. तारीखताई त्या एकेक करत निस्तरत गेली. चोविसाव्या वेळी आईने फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने भरला, 'पुढे' वर बोट ठेवलं, आणि तो पुढे गेला. आईने रकान्याच्या काठावरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. "आता बसला," ती म्हणाली. अकरा वर्षांत उद्यासाहेबांनी चार वेळा पाठ थोपटली होती, त्या चारी या दोन शब्दांपुढे फिक्या पडल्या.

पाच आठवड्यांनी मायलेकी पुन्हा त्या काऊंटरपुढे उभ्या राहिल्या. मुलगी तीच होती. आदल्या दिवशी शंभर वेळा तपासूनही तारीखताईला वाटत होतं की आता काहीतरी घोटाळा होणार.

"आजी, जन्मतारीख?"

आई ताठ उभी राहिली. "एकोणपन्नास साल. महिना माहीत नाही."

"आईचं नाव?"

आईने आपल्या आईचं नाव सांगितलं. किती तरी वर्षांत तिने ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारताना तिचा आवाज किंचित लहान मुलीसारखा झाला.

मुलीने पडदा वाचला. "बरोबर," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे आजी. बसा, आत बोलावतील."

तारीखताईचा जीव भांड्यात पडला. आई मात्र बाकाकडे वळायच्या ऐवजी तिथेच थांबली. मागे रांगेत तिच्याच वयाची एक बाई उभी होती. नातवाने भरून दिलेला कागद ती छातीशी धरून होती आणि ओठांतल्या ओठांत तारीख घोकत होती, "एक जानेवारी, एक जानेवारी."

"खरी आहे का हो?" आईने तिला विचारलं.

ती बाई दचकली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "कुठली खरी? पण काहीतरी सांगावं लागतं ना."

"नाही लागत आता," आई म्हणाली, आणि सबंध रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "जे ठाऊक असेल तेवढंच लिहा. बाकीच्याला जागा ठेवलीय माझ्या लेकीने."